जोसेफ मँटन : ठासणीच्या बंदुकीचा बादशहा

थिन सिलिंडरचा हूप स्ट्रेस आपण शिकतो आणि पेपर झाला की विसरतो. पण दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका कारागिराचं सगळं नाव याच गणितावर उभं होतं. त्याचं नाव जोसेफ मँटन.

मँटनचा जन्म १७६६ सालचा, इंग्लंडमधल्या ग्रँथम गावचा. बंदुकीचं काम तो उमेदवारी करून शिकला. मोठा भाऊ जॉन लंडनमधला नामांकित बंदूकवाला. त्याच्याकडे हात तयार झाल्यावर जोसेफने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायच्या. मँटनने दुनळी बंदूक हलकी आणि देखणी केली. १८०६ साली त्याने दोन नळ्यांमधल्या उंच पट्टीचं पेटंट घेतलं. त्यामुळे नेम धरणं सोपं झालं.

पण हलकी बंदूक म्हणजे पातळ नळी. त्या काळी चांगली नळी करायला घोड्याच्या नालांचे जुने खिळे तापवून एकजीव करत, त्याची पट्टी दांड्याभोवती गुंडाळत आणि ठोकून सांधत. म्हणजे नळीभर सांधेच सांधे!

अशी जुनी नळी आज हातात आली तर तपासायची कशी? आधी ती भरलेली तर नाही ना, हे बघायचं. गज आत सोडून खोली मोजायची आणि बाहेरच्या लांबीशी ताडायची. गज आधीच अडला तर आत शंभर वर्षांपूर्वीची दारूसुद्धा असू शकते. नळी रिकामी असेल तर जाणकाराकडून मागचं बूच काढून आरपार उजेडाकडे बघायचं. गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथे फुगवटा आहे. पोचा आला असेल तर तो कुशल कारागीर उचलू शकतो, पण फुगवटा म्हणजे धातूने यील्ड पॉइंट ओलांडला. मग गंजाचे खड्डे. दारूची राख ओलावा ओढते, त्यामुळे गंज बहुतेक मागच्या टोकाला चढतो आणि नेमका तिथेच दाब सगळ्यात जास्त! जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट. म्हणून जाडी मोजल्याशिवाय बार काढायचा नाही, बाहेरून पॉलिश कितीही चकचकीत असो.

मँटनचंही शेवटी तसंच झालं. बाहेर कीर्ती, आत पोखरलेला हिशोब. ठिणगीऐवजी स्फोटक नळकांडीने बार उडवणाऱ्या चापाचं पेटंट त्याने १८१८ साली घेतलं, पण फोर्सिथच्या १८०७ च्या पेटंटवरून झालेला खटला तो हरला. १८२६ साली दिवाळं निघालं आणि १८३५ साली तो गेला.

मात्र त्याच्याकडे काम केलेले जेम्स पर्डी आणि थॉमस बॉस पुढे स्वतः नावारूपाला आले. पैसा गेला, विद्या उरली. आपल्याला इंजिनिअर व्हायचंय, तर एवढं लक्षात ठेवूया : वस्तू असो की धंदा, आत उजेड टाकून बघायचं.