मूर कुटुंबातील चार मुले

लग्नाचा किंवा बाप्तिस्म्याचा फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो. कॅमेरा येण्यापूर्वी हे काम गावोगाव फिरणारे चित्रकार करीत. अमेरिकेतील अशाच एका चित्रकाराची, इरॅस्टस सॅलिस्बरी फील्ड यांची, ओळख आम्ही आज करून देत आहोत.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेव्हरेट या खेड्यात १८०५ साली जुळ्या बहिणीसह त्यांचा जन्म झाला. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला सॅम्युअल मोर्स यांच्याकडे शिकायला गेले. (तारायंत्रवाले मोर्स ते हेच, मूळचे ते चित्रकार!) पण फेब्रुवारी १८२५ मध्ये मोर्स यांची पत्नी वारली आणि काही महिन्यांतच शिक्षण थांबले. तेवढ्याच शिदोरीवर फील्ड गावी परतले. बोटे काढणे त्यांना कधी नीट जमले नाही, परंतु चेहरे व कपड्यांवरील जाळी ते मन लावून रंगवीत.

वेअर या गावी त्यांच्या सासुरवाडीसमोर जोसेफ मूर राहत. मूर हिवाळ्यात टोप्या बनवीत आणि उन्हाळ्यात फिरते दंतवैद्य होत. १८३९च्या सुमारास फील्ड यांनी त्यांचे कुटुंब रंगवले. चित्र सुमारे सात फूट उंच आणि त्याहून रुंद! काळ्या पोशाखात बसलेले पतिपत्नी, खाली नक्षीदार गालिचा आणि चार मुले. त्यांतील दोनच मुले मूर यांची. उरलेली दोन त्यांची पत्नी अल्मायरा हिच्या मृत बहिणीची, लुईसाची. माय मरो, मावशी जगो असे आपण म्हणतो ते येथे खरे झाले. पोटची कोणती आणि पोरकी कोणती, हे चित्र पाहून आम्हांला तरी सांगता आले नाही. लुईसाचे चित्रही फील्ड यांनीच काढले होते. त्यात मागे समुद्रावर जहाजे दिसतात.

पुढे फोटोग्राफी आली. अमेरिकेत ती रुजवणाऱ्यांत मोर्स होतेच. गुरूने आणलेल्या कलेने शिष्याचा धंदा बसवला असे म्हणावे लागेल. फील्डही ती कला शिकले व फोटोवरून चित्रे काढू लागले, पण त्यांत पूर्वीचा जिवंतपणा राहिला नाही.

१८५९ साली पत्नी फीबी वारली. उतारवयात ते पवित्र शास्त्राकडे वळले आणि एदेन बाग, मिसरच्या प्रथमजातांचे दफन असे प्रसंग त्यांनी रंगवले. वयाच्या ९५ व्या वर्षी, १९०० साली, ते निवर्तले. मूर कुटुंबाचे चित्र आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.