कौलांआडचे खाडिलकर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हटले की रसिकांना ‘मानापमान’ आठवते. मला मात्र नेपाळ आठवतो. सांगलीत १८७२ साली जन्मलेले, पुण्यात ‘केसरी’त टिळकांचे सहकारी झालेले हे नाटककार विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे गेले. डोंगराळ, पण इंग्रजांच्या थेट अमलाबाहेरचा तो देश. दाखवायला कौलांचा कारखाना, मनात बंदुकांचा! पण तिथल्या राणा सत्ताधाऱ्यांना इंग्रजांशी वैर परवडणारे नव्हते. बेत फसला, खाडिलकर परतले. १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदुका घडल्या नाहीत, पण सरकारला धडकी भरली ती एका नाटकाने. खाडिलकर १९४८ साली गेले, ते स्वातंत्र्य पाहूनच.