रंग हुकले, रेषा साधली

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. थोरले बंधू रामूअण्णांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे लक्षात आले, की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत.

हे रंगांधत्व. बहुधा ते जन्मजात असते आणि आईकडून मुलाकडे येते. डोळ्यातील रंग टिपणाऱ्या पेशींतला हा दोष औषधाने बरा होत नाही. पण त्याने नजर अधूही होत नाही. लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला आणि यंत्रांची रेखाचित्रे काढायला घेतली. तोच विषय ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले.

बढतीत डावलले गेल्यावर ते बेळगावला परतले. भावासोबत सायकली विकल्या, कडबा कापण्याचे यंत्र बनवले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. तरी ते हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तिथे १९२६ मध्ये पंप तयार झाला. १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटरींचा उद्योग उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आज जळगाव-धुळ्याच्या केळी-कापसाला पाणी देणाऱ्या अनेक मोटरींच्या पट्टीवर १४४० फेऱ्यांचा आकडा असतो. त्यामागचे गणित सोपे आहे: १२० गुणिले विजेची वारंवारता ५०, भागिले ध्रुव ४, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. भाराखाली मोटर थोडी मागे पडते. ड्राइव्ह ही वारंवारताच बदलतो, म्हणून वेग बदलतो. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. वेग ८० टक्के केला, तर ती जवळपास निम्म्यावर येते. विहीर खोल असेल, तर बचत कमी होते.

या मोटरींना वायरी जोडणाऱ्याला मात्र रंग दिसावेच लागतात. लाल फेज आणि हिरवी अर्थिंगची वायर यांत गल्लत झाली, तर जिवावर बेतते. रेल्वेचालकाच्या नोकरीतही रंगदृष्टी तपासतात. म्हणून दहावीआधीच मुलांची तपासणी करून घ्यावी. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायचे, एवढीच ती असते. शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागात काही मिनिटांत होते. दोष निघाला, तर एखादी वाट बंद होईल. पण वेळीच कळले, तर दुसरी निवडता येते. लक्ष्मणरावांना ते चित्रकला शिकू लागल्यावर कळले होते.