सोबत शोधणारा बिल विल्सन

मे १९३५. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या प्रशस्त दालनात एक उंच गृहस्थ अस्वस्थपणे येरझारा घालत होते. ज्या कंपनीचा ताबा मिळविण्यासाठी ते न्यूयॉर्कहून आले होते, ती भागधारकांची लढत ते हरले होते. खिसा जवळजवळ रिकामा होता. दालनाच्या एका बाजूला बार होता, तेथील हास्यविनोद कानावर येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी होती. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. क्षणभर घुटमळून ते टेलिफोनकडे वळले. पुढे जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा उगम त्या फोनमध्ये आहे. हे गृहस्थ म्हणजे विल्यम ऊर्फ बिल विल्सन.

व्हरमाँट राज्यातील ईस्ट डॉरसेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्सन यांचा जन्म झाला. आई-वडील विभक्त झाल्यावर आजी-आजोबांनी त्यांना वाढविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफखान्यात अधिकारी असताना, १९१७ मध्ये एका मेजवानीत त्यांनी पहिला पेला ओठांना लावला. बुजऱ्या स्वभावाच्या या तरुणाला आपण चारचौघांतले एक आहोत, असे त्या रात्री प्रथमच वाटले. १९१८ मध्ये लोइस बर्नहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्धानंतर वॉल स्ट्रीटवर पैसा आला आणि त्याच गतीने दारूही वाढली. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसा गेला, दारू मात्र राहिली. लोइस दुकानात नोकरी करून संसार रेटत होत्या.

न्यूयॉर्कच्या टाऊन्स रुग्णालयात डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी विल्सन यांना एक नवीच गोष्ट समजावून सांगितली. हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे. शरीराला पहिला पेला सोसत नाही आणि मन त्याचा ध्यास सोडत नाही, असे त्यांचे मत होते. विल्सन यांना ते पटले. तरीही ते पुन्हा प्याले. आजार समजला म्हणजे तो सुटला असे होत नाही, हा धडा त्यांना स्वतःच्या अनुभवातून मिळाला.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना मद्यपी मित्र त्यांच्या घरी आला, तो न पिता. एका धार्मिक गटाच्या आधाराने त्याने दारू दूर ठेवली होती. पुढच्याच महिन्यात विल्सन शेवटचे रुग्णालयात दाखल झाले. तेथे त्यांना एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही.

मग ते इतर मद्यपींना सुधारायला निघाले. महिनोन् महिने खटपट करूनही एकाचीही दारू सुटली नाही. विल्सन स्वतः मात्र पीत नव्हते, याकडे लोइस यांनी त्यांचे लक्ष वेधले. उपदेश कमी करा, आधी आजाराविषयी बोला, असा सल्ला डॉ. सिल्कवर्थ यांनी दिला.

म्हणूनच ॲक्रनमध्ये विल्सन यांनी शोधला तो आपल्यासारखाच एक मद्यपी. अनेक नकारांनंतर हेन्रिएटा सायबरलिंग या महिलेने डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी त्यांची गाठ घालून दिली. स्मिथ फक्त पंधरा मिनिटे द्यायला तयार होते; गप्पा सहा तासांहून अधिक रंगल्या. विल्सन यांनी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. ते आले होते तेही स्वतःला सावरण्यासाठी. मध्यंतरी एकदा घसरलेल्या स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. तोच संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

बारा पायऱ्यांचा मार्ग सांगणारा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला. १९४१ मध्ये एका नामांकित साप्ताहिकातील लेखानंतर सुमारे दोन हजार असलेली सदस्यसंख्या वर्षअखेरीस आठ हजारांवर गेली. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही संघटना १९५१ मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांत लोइस होत्या. येल विद्यापीठाची मानद पदवी विल्सन यांनी नाकारली, कारण निनावी राहणे हे संघटनेचे तत्त्व होते.

ते संत नव्हते. नैराश्याने त्यांना अनेक वर्षे ग्रासले आणि धूम्रपानाने फुप्फुसे निकामी केली. अखेरच्या दिवसांत त्यांनी व्हिस्की मागितली. ती त्यांना देण्यात आली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. छत्तीस वर्षांनंतरही ती ओढ संपली नव्हती. व्यसन बरे होत नाही, एकेका दिवसापुरते दूर ठेवता येते, या त्यांच्याच शिकवणीची ही साक्ष म्हणावी लागेल.

आज मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत या संघटनेच्या बैठका भरतात. तेथे शुल्क नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या बैठकांना नातेवाईकही बसू शकतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक. पहिल्या दिवशी अनेकांची पावले दारातच अडखळतात. आत बसलेला प्रत्येक जण कधीतरी त्याच दारात अडखळलेला असतो, आणि नव्या माणसाची त्यालाही तितकीच गरज असते.