तेजोमेघाच्या फोटोतला निळा रंग आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला

नवी मुंबईत सारसोळ्याच्या एखाद्या गच्चीवरून रात्री वर पाहा. दिव्यांच्या झगमगाटात मोजकेच तारे दिसतील. तरीही अशा शहरातून तेजोमेघांचे सुंदर फोटो काढता येतात. कसे?

कॅमेऱ्याला खास फिल्टर लावतात. एक फक्त हायड्रोजनचा ठरावीक प्रकाश आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा, तिसरा सल्फरचा. बाकीचा बराचसा उजेड बाहेरच राहतो. मग फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये या तीन कृष्णधवल फोटोंना रंग दिले जातात. बहुतेकदा सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा.

यातल्या ऑक्सिजनच्या प्रकाशाचं एक कोडं होतं. ते सोडवण्याच्या प्रयत्नांत पुण्याचाही वाटा आहे.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यांना ५,००० रुपये दिले, सरकारनं तेवढीच भर घातली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर या नामवंत शास्त्रज्ञांसह जाणकारांचा सल्ला घेऊन ते परतले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली.

तेव्हा तेजोमेघांच्या वर्णपटातली सर्वांत ठळक हिरवट रेषा कशाची, यावर वाद पेटला होता. लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमची. तसं असतं तर रेषा एका बाजूला धूसर दिसायला हवी होती. नायगमवालांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ तपासला. रेषा बारीक आणि रेखीव होती. ज्यांनी वेधशाळेसाठी मार्गदर्शन केलं, त्यांच्याच मताविरुद्ध जाणारं हे निरीक्षण त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मोहीम नेली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद पडली. उपकरणं कोडाईकनालला गेली.

कोडं सुटलं १९२७ मध्ये. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवलं. नायगमवाला तेव्हा हयात होते. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं.

ती रेषा ५००.७ नॅनोमीटरची. आजचा ऑक्सिजन फिल्टर नेमकी तीच पकडतो. म्हणजे फोटोतला तो निळा रंग आपण दिलेला असतो, पण त्यामागचा प्रकाश खरा असतो. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलेला!