बिनदाती चाकांचा जनक : हेर्मान फोटिंगर

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून त्यांतील एकच चालू केला, तर थोड्या वेळाने दुसराही त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो. विद्यार्थिमित्रांनो, हा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. याच तत्त्वावर प्रचंड जहाजे चालविण्याचे स्वप्न ज्यांनी पाहिले, ते जर्मन अभियंते म्हणजे हेर्मान फोटिंगर.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. म्यूनिकला विद्युत्-अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८९९ साली ते श्टेटिन येथील व्हुल्कान या जहाजबांधणीच्या कारखान्यात रुजू झाले. वाफेच्या टर्बाइनचा तो उदयकाल होता. परंतु टर्बाइनला वेग प्रिय, तर जहाजाच्या पंख्याला संथपणा; फार वेगाने फिरविलेला पंखा पाणी नुसते घुसळीत बसतो. एवढी शक्ती पेलतील अशी दंतचक्रे त्या वेळी सिद्ध झालेली नव्हती. या विजोड जोडप्याचा संसार लावून देण्याचा प्रश्न तरुण फोटिंगरांपुढे उभा राहिला.

विजेचे अभ्यासक असल्याने त्यांना प्रथम जनित्र व मोटार हीच जोडी सुचली; पण तिचे वजन फार. मग जनित्राच्या जागी पंप आणि मोटारीच्या जागी जलचक्र योजून पाहिले, तर मधल्या नळांतच पुष्कळशी शक्ती वाया जाणार असे दिसले. तेव्हा त्यांनी ते नळच काढून टाकले! पंपाचे चाक आणि जलचक्र एकाच बंद कोठीत समोरासमोर बसविले आणि प्रवाहाच्या वाटेत एक स्थिर चक्र ठेवले. हे न फिरणारे चक्रच खरी किमया करते. ते प्रवाहाची दिशा पालटते, त्या पालटाचा भार स्वतः सोसते, आणि म्हणून वेग घटला तरी बाहेर पडणारा पीळ आत आलेल्या पिळाहून मोठा होतो. या कल्पनेच्या एकस्वासाठी त्यांनी १९०५ साली अर्ज केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

१९०९ साली ते डान्झिग येथे प्राध्यापक झाले. त्यांचे यंत्र १९१३ च्या 'क्योनिगिन लुईझे' या प्रवासी जहाजावर चढले. पण युद्ध पेटताच सुरुंग पेरण्याच्या कामी लावलेले ते जहाज ५ ऑगस्ट १९१४ रोजी बुडविले गेले. त्याहून मोठा आघात शांततेतच झाला होता. इंग्लंडात पार्सन्स यांनी टर्बाइनला साजेशी दंतचक्रे घडविली होती, आणि त्यांत शक्तीचा नाश फारच थोडा होई. समुद्रावरील डाव फोटिंगर हरले.

१९२४ पासून ते बर्लिनला अध्यापन करीत राहिले. इकडे त्यांच्या कल्पनेला रस्त्यावर आश्रय मिळाला. इंग्लंडातील डेमलर गाड्यांत १९३० पासून स्थिर चक्र वगळलेला तिचा साधा अवतार दिसू लागला. २८ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिनची लढाई चालू असता, तोफगोळ्याच्या तुकड्याने फोटिंगरांचा अंत झाला. पीळ वाढविणारे पूर्ण यंत्र अमेरिकेत ब्यूइक मोटारीत १९४८ साली आले.

आज अमेरिकेतील हौशी लोक जुन्या ट्रकमध्ये जोरकस इंजिन बसवितात, तेव्हा त्याला साजेसे हेच यंत्र निवडण्यात त्यांचा कस लागतो. इंजिनाचा जोर ज्या फेऱ्यांवर येतो, तिथवर त्याला पोहोचू देणारे यंत्र हवे. फार घट्ट निवडले तर गाडी जडपणे उठते. फार सैल निवडले तर रोजच्या वाहतुकीत आतील तेल तापत राहते.