पर्णरंध्रांचे निरीक्षक सर फ्रान्सिस डार्विन

थोर पित्याच्या छायेत पुत्राचे कर्तृत्व अनेकदा झाकोळले जाते. सर फ्रान्सिस डार्विन हे चार्ल्स डार्विन यांचे पुत्र आणि चरित्रकार म्हणून परिचित आहेत. मात्र पानांवरील सूक्ष्म छिद्रांची, म्हणजेच पर्णरंध्रांची, उघडझाप मोजण्याची वाट त्यांनी दाखवली, याचे स्मरण फारसे होत नाही.

१६ ऑगस्ट १८४८ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील डाऊन येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण व्यवसाय कधीच केला नाही. १८७६ मध्ये पुत्रजन्मानंतर लगेचच पत्नी एमी यांचे निधन झाले. तान्ह्या बर्नार्डला घेऊन ते वडिलांच्या घरी राहावयास आले आणि त्यांच्या प्रयोगांत गुंतले.

गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक झाकले, तर तो प्रकाशाकडे वळत नाही. वास्तविक वाकतो तो टोकाखालचा भाग. याचा अर्थ, टोकाकडून खाली काही संदेश जात असला पाहिजे. पितापुत्रांचा हा निष्कर्ष १८८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वनस्पती संप्रेरकांच्या शोधाचे बीज त्यात होते.

१८८२ मध्ये वडील निवर्तले. पुढे केंब्रिजमध्ये अध्यापन करताना फ्रान्सिस पर्णरंध्रांकडे वळले. शिंगाचा पातळ पापुद्रा पानावर ठेवला की उघड्या रंध्रांतून येणाऱ्या बाष्पाने तो वाकतो, या तत्त्वावरील उपकरणाने केलेली निरीक्षणे त्यांनी १८९८ मध्ये मांडली. १९११ मध्ये डोरोथिया पर्ट्झ यांच्यासह त्यांनी पानातून हवा किती वेगाने ओढली जाते हे मोजणारा पोरोमीटर सादर केला.

१९ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना कोडे उलगडलेले पाहता आले नाही. अंकुरातील संदेशवाहक ऑक्सिनचा पुरावा फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. १९६० च्या दशकात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक सापडले. पाण्याचा ताण पडला की पानांत त्याचे प्रमाण वाढते. रंध्राभोवतालच्या रक्षक पेशींतून पोटॅशियमसारखे क्षार बाहेर पडतात, त्यामागोमाग पाणी जाते, पेशी सैलावतात आणि रंध्र मिटते. दुष्काळात रोप तग धरते ते यामुळेच.

संदेश आणि रंध्र हे फ्रान्सिस यांच्या अभ्यासाचे दोन स्वतंत्र विषय त्यांच्या मृत्यूनंतर असे एकत्र आले. रंध्रांची उघडझाप मोजणाऱ्या आजच्या उपकरणांचे नावही पोरोमीटर हेच आहे.